दहा हर्ट्झचा गंडा

शनिवार सकाळ. ऑफिसचा लॅपटॉप बंद, चहाचा दुसरा कप समोर आणि डोक्यात गेले दोन महिने साठलेला राग. खरं तर या आठवड्यात मागच्या ट्रेकबद्दल लिहिणार होतो, पण तो विषय पुढच्या शनिवारी. आज जरा भांडायचं आहे. कोणाशी? मेंदूच्या लहरींचं दुकान मांडून बसलेल्यांशी, त्यांना गिऱ्हाइकं मिळवून देणाऱ्या माझ्यासारख्या अर्धवट इंजिनियरांशी, आणि जाता जाता "असलं काही नसतंच" म्हणणाऱ्या शहाण्यांशीसुद्धा.

तर झालं असं. माझा भाचा तिसरीत आहे. पोरगं हुशार आहे. बुद्धिबळात मला हरवतं, गणपतीच्या सगळ्या आरत्या त्याला तोंडपाठ आहेत. पण पुस्तक समोर आलं की गाडी अडते. 'बदक' चं 'बकद' होतं, जोडाक्षर आलं की घाम फुटतो. शाळेतल्या बाईंनी ताईला सांगितलं, "हुशार आहे हो, पण लक्षच नसतं त्याचं." मग कुणीतरी एका सेंटरचा पत्ता दिला. तिथे म्हणे डोक्याला पट्टा लावतात, मेंदूच्या लहरी मोजतात आणि बिघडलेली लय 'दुरुस्त' करतात. ४० सेशन, ३६,००० रुपये, पैसे आधी. ताईचा मला फोन. "तू इंजिनियर आहेस ना रे, जरा येऊन बघ ना खरं आहे का ते."

मी गेलो. बघितलं. मोठ्या स्क्रीनवर रंगीत आलेख नाचत होते. मॅडम अल्फा, बीटा, थीटा असे शब्द पेरत होत्या. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सिग्नल प्रोसेसिंग होतं, एफएफटी काय असतं ते मला माहीत. आपल्याला यातलं कळतंय या आनंदात मी पुढचा प्रश्नच विचारला नाही. बाहेर येऊन म्हणालो, "ताई, सायंटिफिक दिसतंय गं."

हे एक वाक्य. या वाक्यावर भावोजींनी पैसे भरले. हा सगळा लेख त्या वाक्याचं प्रायश्चित्त समजा.

सेशन कसं, तर व्हिडिओ गेम. पट्टा कपाळावर, समोर एक गाडी. मुलगा एकाग्र झाला की गाडी पळते, लक्ष उडालं की थांबते. बाविसाव्या सेशनला मी त्याला आणायला गेलो होतो. परत येताना रिक्षात तो माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "मामा, तुला गंमत सांगू? दात असे दाबले ना, की गाडी पळते."

माझ्या पोटात खड्डा पडला.

पुढच्या वेळी मी मॅडमना म्हटलं, मला पण लावून बघू द्या. लावला. दात आवळले, 'एकाग्रता' ९०च्या वर. डोळे मिटून महिन्याचा किराणा आठवत बसलो, 'शांतता' ८०च्या पुढे. यात जादू काही नाही. डोक्याच्या कातडीवर मेंदूचे जे सिग्नल मिळतात ते मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. जबड्याचे आणि कपाळाचे स्नायू आवळले की त्यांचा सिग्नल याच्या कितीतरी पट मोठा असतो, आणि तो नेमका त्याच पट्ट्यात घुसतो ज्याला हे लोक 'बीटा' आणि 'गॅमा' म्हणतात. वर त्यांच्या रिपोर्टात 'गॅमा' चा खांब ५० हर्ट्झपर्यंत काढलेला. आपल्याकडे भिंतीतली वीजच ५० हर्ट्झची आहे हो! नीट गाळला नाही तर पोराच्या डोक्यात महावितरण दिसणार.

बाकीच्या सेशनचे पैसे परत मिळाले नाहीत. असो.

पैशांचं दुःख आहेच, पण राग त्याचा नाही. राग या गोष्टीचा आहे की सहा महिने एका नऊ वर्षांच्या मुलाला असं सांगितलं गेलं की तुझ्या मेंदूची लय बिघडली आहे आणि गाडी पळाली नाही तर तो तुझा दोष आहे. दात दाबायची युक्ती त्याने फसवायला शोधली नव्हती. रोज हरायचा कंटाळा आला म्हणून शोधली होती.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. रात्री जागून वाचलं. आणि खरा धक्का तिथे बसला. मला वाटलं होतं, हा सगळा विषयच थोतांड निघेल. तसं नाही. मेंदूच्या लयींवर काम करणारे खरे संशोधक आहेत, त्यांचं काम भन्नाट आहे आणि ते लोक या दुकानदारांपेक्षा शंभरपट सावधपणे बोलतात.

सुरुवातीपासून सांगतो. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर नावाचा मनोविकारतज्ज्ञ होता. त्याने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूची विद्युत हालचाल टिपली आणि १९२९ मध्ये छापली. पठ्ठ्या खरं तर टेलिपथीचं कोडं सोडवायला निघाला होता, हाती लागला ईईजी :-) त्याला दिसलं की डोळे मिटून शांत बसलं की सेकंदाला सुमारे दहा वेळा हेलकावणारी एक लाट येते आणि डोळे उघडले की ती ओसरते. हीच अल्फा. म्हणजे डोळे मिटल्यावर माझी 'शांतता' ८०वर गेली त्यात नवल ते काय? शंभर वर्षं जुना प्रयोग आहे तो. सुरुवातीला बर्गरवर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी स्वतः करून पाहिलं, तेव्हा जगाने मानलं.

पुढचा प्रश्न फार सुंदर आहे. या लयी नुसता इंजिनाचा आवाज आहेत, की इंजिन त्यांच्यावर चालतं? फ्रान्समधल्या तुलूझचे रुफिन व्हॅनरुलन आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये एक प्रयोग छापला. जेमतेम दिसेल न दिसेल असा प्रकाशाचा ठिपका दाखवायचा. ठिपका तोच, प्रकाश तेवढाच, पण माणसाला कधी दिसतो, कधी नाही. ठिपक्याच्या क्षणभर आधी मेंदूतली सुमारे सात हर्ट्झची लाट चढावर होती की उतारावर, यावरून दिसणार की नाही याचा काही अंशी अंदाज बांधता आला. काही अंशी म्हणजे त्यांच्याच हिशोबाने सुमारे १६ टक्के. २०१२ मध्ये आयेलेट लँडाऊ आणि पास्काल फ्रीस यांनी दाखवलं की दोन जागांवर एकदम लक्ष ठेवायला सांगितलं तर लक्ष दोन्हीकडे सारखं राहत नाही. ते या जागेवरून त्या जागेवर उड्या मारतं, प्रत्येक जागी सेकंदाला साधारण चार वेळा. म्हणजे लक्ष हा टॉर्चचा सलग झोत नसून लुकलुकणारा दिवा आहे.

वाचून मी हरखलो. आणि इथेच थांबलो असतो तर पुन्हा तीच चूक केली असती.

कारण २०२२ मध्ये जेफ्री ब्रुकशायर नावाच्या संशोधकाने या प्रकारच्या निष्कर्षांच्या मुळावरच बोट ठेवलं. त्याचा मुद्दा आपल्या धंद्यातल्या कुणालाही कळेल. 'लय आहे' हे सिद्ध करायला लोक काय करायचे? मोजमापांचा क्रम पिसायचा आणि पिसलेल्या आकड्यांपेक्षा मूळ आकड्यांत लाट मोठी दिसते का ते बघायचं. पण पिसल्याने लयच नाही, काळाशी असलेलं सगळंच नातं मोडतं. घरी करून बघा. नाणं उडवत जा, छापा आला की एक मिळवा, काटा आला की एक वजा करा. दोनशे वेळा झालं की आलेख काढा, मधला कल काढून टाका आणि एफएफटी लावा. कुठेतरी झकास उंचवटा दिसेल. नाण्याला लय असते का? आमच्या ऑफिसात दुपारी शेअरच्या आलेखात 'सायकल' शोधणारे दोन महाभाग आहेत, त्यांचंही असंच चालतं. लय आणि हेलकावा या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रुकशायरने आधी उपलब्ध असलेली आकडेवारी जास्त काटेकोर पद्धतीने पुन्हा तपासली, तेव्हा तिच्यात लयीचा पुरावा उरला नाही. मूळ संशोधकांनी त्याला उत्तरं दिली. वाद संपलेला नाही.

आता मला सांगा, ज्या गोष्टीवर जगातल्या उत्तम प्रयोगशाळा 'लय आहे की नाही' म्हणून भांडताहेत, ती गोष्ट आपल्या कोपऱ्यावरचं सेंटर ४० सेशनमध्ये दुरुस्त करून देतं. वा!

आता डिस्लेक्सियाकडे येतो, कारण खरा प्रश्न तोच आहे.

केंब्रिजच्या उषा गोस्वामी यांचं काम बघा. बोलण्याचा आवाज सलग वाहतो, पण त्याची तीव्रता चढते-उतरते. प्रत्येक अक्षरोच्चाराला एक चढ. ढोलकीवर थाप पडली की आवाज एकदम उभा राहतो, बासरीचा सूर हळूहळू चढतो. या चढाला किती वेळ लागला हे आपला कान टिपतो. गोस्वामींच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना चढातले हे फरक ओळखणं जड जातं. २०११ मध्ये त्यांनी त्यावर पूर्ण सिद्धांत मांडला. मेंदूतल्या संथ लयी या चढांशी जुळवून घेतात आणि बोलण्याचे तुकडे पाडतात. जुळणी ढिली असेल तर तुकडे अस्पष्ट पडतात, आणि अस्पष्ट तुकड्यांना अक्षरं चिकटवणं अवघड. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, चिनी अशा बऱ्याच भाषांतल्या मुलांत चढ ओळखण्याची ही अडचण सापडली आहे. दुसरीकडे आन-लीझ जिरो यांच्या गटाने २०११ मध्ये वेगळाच पत्ता दिला. त्यांच्या मते अडचण संथ लयीत नसून ३० हर्ट्झच्या आसपासच्या जलद लयीत आहे, डाव्या श्रवण-भागात. म्हणजे मुळात लय कुठली यावरच दोन मतं आहेत.

याच गटाने २०२० मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या प्रौढांच्या डोक्यावरून ३० हर्ट्झचा सौम्य विद्युतप्रवाह देऊन पाहिला. ध्वनी ओळखण्यात आणि वाचनाच्या अचूकतेत सुधारणा दिसली. ६० हर्ट्झने दिसली नाही. काम आशादायक आहे. पण मोजकी माणसं, सगळी प्रौढ, आणि प्रयोगशाळेतल्या एका बैठकीचा परिणाम. त्यातून माझ्या भाच्यासाठी औषध निघत नाही, आणि तसं त्या संशोधकांनी म्हटलेलंही नाही. शिवाय २०१८ मध्ये बुझाकी यांच्या प्रयोगशाळेने मृतदेहांवर मोजून दाखवलं की कातडीवर दिलेल्या अशा प्रवाहातला सुमारे ७५ टक्के भाग कातडी आणि कवटीच खाऊन टाकते.

आणखी एक खाच आहे. कमी वाचन झाल्यामुळेसुद्धा मेंदू वेगळा दिसू शकतो. स्तानिस्लास दहान यांच्या गटाने २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या साक्षर-निरक्षर प्रौढांचे मेंदू तपासले. वाचायला शिकल्याने बोललेल्या भाषेला मेंदूचा मिळणारा प्रतिसादच बदलतो असं दिसलं. मग जो मुलगा वर्गात सगळ्यात कमी वाचतो त्याच्या मेंदूतला फरक कारण समजायचा की परिणाम? यासाठीच गोस्वामींचा गट पार तान्ह्या बाळांपासून सुरुवात करतो आहे. २०२३ मध्ये त्यांनी चार, सात आणि अकरा महिन्यांच्या बाळांना बडबडगीतं ऐकवून केलेलं काम छापलं. मेंदू सुटे ध्वनी वेगळे ओळखू लागल्याच्या खुणा सात महिन्यांच्या सुमारास दिसू लागतात, आणि त्याआधी बाळ भाषेच्या ठेक्याला धरून असतं, असं त्यांचं म्हणणं.

असं काम हळूहळू, एकमेकांना खोडत पुढे जातं. दुकानदार काय करतात, तर या वाटेवरून तीन उड्या मारतात. पहिली उडी, 'गटाच्या सरासरीत फरक दिसला' इथून 'तुमच्या मुलात हा बिघाड आहे'. दुसरी, 'फरक आहे' इथून 'हेच कारण आहे'. तिसरी, 'हेच कारण आहे' इथून 'आमचा पट्टा ते बदलतो'. तीनही उड्यांखाली दरी आहे. आणि दरीत पडतं ते मूल.

ही तिसरी उडी कुणी मोजून पाहिली आहे का? हो. लक्ष न लागण्याच्या विकारावर, म्हणजे एडीएचडीवर, अमेरिकेत ७ ते १० वर्षांच्या सुमारे १४० मुलांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. काही मुलांना खरं न्यूरोफीडबॅक, बाकीच्यांना खोटं, म्हणजे पडद्यावर आधीच टिपून ठेवलेल्या लहरी. मुलांना माहीत नाही, पालकांना नाही, सेशन घेणाऱ्यांनाही नाही. ३८ सेशन. दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले! म्हणजे पोरांना फायदा झाला तो कुणीतरी रोज प्रेमाने बसवून घेतलं याचा, लहरींचा नाही. वाचनाचंही तेच. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांच्या निबंधानंतर लुकलुकणाऱ्या दिव्यांची हवा झाली, की याच्या उजेडात डिस्लेक्सियावाले वाचू शकतात. २०२३ मध्ये दहान यांच्या गटाने कमी-जास्त वेगाने लुकलुकवून तपासलं. वाचनात सुधारणा नाही.

मग काम कशाने होतं? उत्तर इतकं साधं आहे की त्याचा पट्टा बनवून विकता येत नाही. २०१४ मध्ये वाचनात अडखळणाऱ्या मुलांवरच्या २२ काटेकोर चाचण्यांचा एकत्र हिशोब मांडला गेला. रंगीत चष्मे, ध्वनी-प्रशिक्षण, औषधं, सगळ्यात भक्कम आधार मिळाला तो एकाच पद्धतीला. अक्षर आणि त्याचा उच्चार यांची जोडी पद्धतशीर, पायरीपायरीने, पुन्हा पुन्हा शिकवणं. बस्स.

आता दुसऱ्या बाजूच्या शहाण्यांकडे वळतो. मी हे ऑफिसात सांगितलं तर एक मित्र खूश होऊन म्हणाला, "बघ, मी म्हणालोच होतो. डिस्लेक्सिया वगैरे श्रीमंतांची फॅडं. आमच्या वेळी नव्हतं असलं काही." होतं रे बाबा. आपल्या वेळी त्याला 'ढ' म्हणायचे आणि शेवटच्या बाकावर बसवायचे. आठवून बघ, तुझ्या वर्गात कोण कोण होतं आणि सातवीनंतर ती मुलं कुठे गेली. उपचार खोटा निघाला म्हणून आजार खोटा ठरत नाही. २००७ मध्ये 'तारे जमीन पर' बघून अख्खं थिएटर रडलं, आणि बाहेर येऊन काय शिकलं? की असा प्रत्येक मुलगा लपलेला आइनस्टाइन असतो. आइनस्टाइनला डिस्लेक्सिया होता याला भक्कम पुरावा नाही, आणि मुलगा आइनस्टाइन नसला तरी त्याला वाचायला शिकण्याचा हक्क आहेच की! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आपल्या राज्यात तर बोर्डाच्या परीक्षेला त्यासाठी सवलती मिळतात. पण रीतसर तपासणी करून घ्यावी लागते. आम्ही ती केली नव्हती, कारण सहा महिने आम्ही गाडी पळवत बसलो होतो.

शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या सगळ्यांचा. माणसाच्या बोलण्याचा ठेका सगळ्या भाषांत सेकंदाला पाचच्या आसपास असतो असं सांगणारा एक प्रसिद्ध निबंध २०१७ मध्ये आला. नऊ भाषा तपासल्या होत्या. त्यात एकही भारतीय भाषा नाही. ज्या भाषेत लघु-गुरू आणि मात्रा मोजत शतकानुशतकं वृत्तं बांधली गेली, जिथे पाढेसुद्धा ठेक्यात म्हणतात, तिथल्या मुलांचं काय? आपली लिपीही वेगळी. इंग्रजीत २६ अक्षरं. आपल्याकडे बाराखडी आणि वर जोडाक्षरं, शेकडो आकार. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या कामातून दिसतं की हे आकार पक्के व्हायला पहिली-दुसरी पुरत नाही, बरीच वर्षं लागतात. मग तिसरीतला मराठी मुलगा अडखळतो तेव्हा तो नेहमीचा उशीर आहे की डिस्लेक्सिया, हे इंग्रजी चाचणीने कसं कळणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाची चाचणी तयार केली, हिंदी, कन्नड, इंग्रजी आणि मराठीत. मराठीत! मी ज्या दहा-बारा शिक्षकांना विचारलं त्यांतल्या एकालाही तिचं नाव माहीत नव्हतं. पट्टेवाल्या सेंटरचं पत्रक मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरात किंवा शेजारी असं मूल असेल तर पैसे भरण्याआधी एवढं विचारा.

१) खोट्या उपचाराशी तुलना करून हे तपासलं आहे का, आणि कोणी? विकणाऱ्यानेच की तिसऱ्याने?
२) तपासलं ते वाचन की पडद्यावरचा आकडा? आकडा वाढवायला दातही पुरतात.
३) तपासलं ते माझ्या मुलाच्या वयावर, त्याच्या भाषेत आणि त्याच त्रासावर का?
४) आणि घरात कुणी इंजिनियर असेल तर त्याला 'सायंटिफिक दिसतंय का' असं विचारू नका. त्याला आलेख दिसला की तो हो म्हणतो. अनुभवाचे बोल आहेत.

भाच्याची तपासणी आता सरकारी रुग्णालयात झाली आहे, अहवाल यायचा आहे. आठवड्यातून तीन दिवस एक बाई घरी येतात. ध्वनी, अक्षर, ध्वनी, अक्षर, पाटीवर. कंटाळवाणं काम आहे, तोही कंटाळतो. रविवारी मी गेलो की एक पान आम्ही दोघं मिळून वाचतो. मागच्या वेळी 'विद्यार्थी' पाशी पाच मिनिटं अडला होता. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाला, "थांब मामा, सांगू नकोस." मग थांबलो. त्याने वाचला.

या विषयात प्रत्यक्ष काम करणारे कुणी वाचत असतील आणि माझं काही चुकलं असेल तर जरूर कान पकडा. एकदा चुकलोय, सवय आहे :-) पुढच्या शनिवारी नक्की ट्रेक.